वॉशिंग मशीनच्या ड्रमची पुली जाम झाली आहे. बोल्ट निघाला, पुली निघेना

पूर्णाकाठचा

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. घरी समोरून दार असलेली सात किलोची ऑटोमॅटिक मशीन आहे. धाकट्या भावाची पुण्याहून बदली झाली तेव्हा त्याने टेम्पोत घालून इकडे पाठवली, त्याला चार वर्षं झाली. दिवाळीपासून कपडे पिळताना आवाज करायला लागली. आधी नुसती घरघर होती. आता शेजारचे विचारतात, थ्रेशर अंगणातच लावलं का म्हणून. दार उघडून ड्रम हाताने वर उचलला तर अर्धं बोट उचलला जातो, आणि मागच्या बाजूने फरशीवर तांबूस पाणी उतरतं. बेअरिंग गेलं, इथपर्यंत मलाही कळलं.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने ड्रम एकदा हलवला, "पूर्ण टब बदलावा लागते, साडेसात हजार" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी शेतातली मोटर स्वतः खोलणारा माणूस. म्हटलं बेअरिंग ते बेअरिंग. भावाला व्हिडिओ कॉलवर ठेवून मशीन उघडली, पट्टा काढला, सिमेंटचं वजन काढलं, स्प्रिंगांवरून टब उतरवला. आता टब सपरीत बाजेवर उताणा पडला आहे आणि गाडी पुलीवर अडली आहे.

पुली अॅल्युमिनियमची, सहा आऱ्यांची, ताटाएवढी. मधला स्टार खाचेचा बोल्ट पाइप लावून निघाला. पण पुली म्हणजे वेल्डिंग केल्यासारखी बसली आहे. गंज सोडवायचा स्प्रे मारून झाला, दोन दिवस डिझेल सोडून झालं, मागून हातोडीने ठोकून झालं. काल सब्बल घालून उचकवायला गेलो तर पुलीच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला. तिथे थांबलो.

घरचे लोक भंगारवाल्याची वाट पाहत आहेत. बायको काही बोलत नाही, सकाळी बादल्या भरते. कोणी ही पुली काढली आहे का?

संत्राबाग

राजेहो, एवढा इचार कायले करता? दोन किलोचा घन घ्या अन् मागून एकच द्या दणका. आमच्या शेजाऱ्याची अशीच निघाली होती, एका ठोक्यात.

जिनफिटर

निघाल्यावर मशीन चालली का त्यांची?

संत्राबाग

थे नाही विचारलं काका.

वायंडिंगवाला

पूर्णाकाठचे भाऊ, पह्यले ठोकाठोकी बंद करा. थो दांडा प्लास्टिकच्या टबात बसेल हाय. पुलीवर मागून मारलं तं धक्का जाते टबाच्या मधातल्या बेअरिंगच्या घरावर. थे घर तडकलं म्हंजे मंग खरंच साडेसात हजार मोजा. अन् सब्बल तं बिलकुल नाही. एका बाजूनं उचकवलं का पुली तिरपी होते, तिरपी झाली का अजून घट्ट बसते. फळीवरचा खिळा काढता तवा पाह्यलं असंल, वाकडा ओढला तं निंगत नाही.

आमच्याकडं रोज मोटरा येतात बेअरिंगच्या. पुली काढाची म्हंजे पुलर पाह्यजे, तीन पायाचा, पुली सरळ ओढून काढाचं अवजार. कोन्त्याही वायंडिंगच्या दुकानात भेटते. विकत नका घेऊ, मांगून आना. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुलर लावाच्या आधी थो काढलेला बोल्ट परत चार-पाच आटे आत घाला, पूर्ण नाही. पुलरचा मधला स्क्रू बोल्टच्या डोक्यावर टेकवा. रिकाम्या दांड्याच्या तोंडावर टेकवला तं आतले आटे चेपतात, अन् मंग पुली निंगूनही काही फायदा नाही, परत बोल्टच बसत नाही.

पूर्णाकाठचा

बोल्टचं बरं सांगितलंत. मी तर काढून डबीत ठेवला होता. पण बोल्टचं डोकं खोलगट आहे, स्टार खाच आहे ना. पुलरचं टोक तिथे घसरणार नाही का?

वायंडिंगवाला

सायकलच्या चाकातला छर्रा घ्या, खाचेत ठेवा, त्याच्यावर पुलरचा स्क्रू. टोक हालत नाही अन् बोल्टचं डोकंही खराब होत नाही.

जिनफिटर

वायंडिंगवाले बरोबर सांगत आहेत, फक्त एक भर घालतो. मी तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होतो, पुल्या काढण्यातच हात काळे झाले. तिथल्या पुल्या बिडाच्या, त्यांना चावी असते (दांडा आणि पुली यांच्यात बसणारी लोखंडी खुंटी), आणि काठाला पुलर लावला तरी काही बिघडत नाही. तुमची पुली अॅल्युमिनियमची ओतीव आहे. तिच्या काठाला पुलर लावला तर आरे मोडतील आणि मधला बुश जागेवरच राहील. तुमचा टवका त्याच कारणाने उडाला. ओढ जी द्यायची ती बुशाला, म्हणजे दांड्याला लागून असलेल्या जाड भागाला.

आता अडचण अशी येईल की पुली आणि टब यांच्यात फट बारीक असते, बाजारातल्या पुलरचे पाय तिथे शिरत नाहीत. शिरले नाहीत तर मला सांगा, वेल्डिंगच्या दुकानात अर्ध्या तासात होणारं काम आहे.

आणि विजेचं काही सांगायला नको, टब बाहेरच आहे. बाकीच्यांसाठी लिहितो: दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये मोटरला कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही तो झटका देतो. हात घालण्याआधी तो मोकळा करा, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवा.

पुण्यातला वऱ्हाडी

पूर्णाकाठचा, एक प्रश्न. मशीनला पाणी कुठलं देता?

पूर्णाकाठचा

बोअरचं. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण ते आलं तेव्हा खरं, आणि आलेलं पिण्याला पुरवायचं असतं. बोअरचं पाणी तुम्हाला माहीतच असेल, खारपाणपट्टा, जमिनीतलंच पाणी खारं. चूळ भरवत नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

मग गाठ तिथेच आहे. मी मूळचा मूर्तिजापूरकडचा, आता एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पुली का बसली ते सांगतो, कारण कळलं की उपाय आपोआप कळतो.

ड्रमच्या मागे एक सील असतं, रबराचं. ते पाणी टबात अडवतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये उतरतं, बेअरिंगचं ग्रीस धुवून नेतं, आणि तोच तांबूस ओघळ दांड्यावरून पुलीपर्यंत येतो. म्हणजे तुमची पुली गेली काही महिने खाऱ्या पाण्यात भिजते आहे. दांडा पोलादी, पुली अॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. अशा जोडीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी होते आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. बुशाच्या दात्यांत ती फुगून बसली आहे, पाचर मारल्यासारखी. लोखंडाच्या जंगावर जे तेल चालतं ते या भुकटीत फारसं मुरत नाही. तुमचं दोन दिवसांचं डिझेल म्हणूनच वाया गेलं. गोड्या पाण्याच्या गावातही हे होतं, पण तिकडे सहसा हातोडीच्या दोन टिचक्यांत काम होतं.

पाचर सोडवायला उष्णता लागेल. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २५ मिमीचं भोक धरा. १०० अंशांनी तापवलं तर भोक साधारण ०.०६ मिमी मोठं होतं. दांडाही तेवढाच तापला तर तो ०.०३ मिमी फुगतो. म्हणजे दोन्ही सारखेच तापले तरी ०.०३ मिमीची ढिलाई मिळते, आणि दांडा थंड राहिला तर दुप्पट. ऐकायला कमी वाटतं, पण घट्ट बसवलेल्या जोडात एवढ्यावरच सगळा खेळ असतो.

जिनफिटर

आकडे तुम्ही दिलेत, आमच्या वडिलांनी न शिकता हेच केलं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर टाकायचा आणि वरून पाणी. गार झाली की लाकडाला अशी आवळायची की चाक करकर वाजायचं. धाव काढायचीही तशीच, फक्त बाहेरची धाव तापवायची. आतलं लाकूड तापवून कोणी धाव काढत नाही.

फक्त एक सावधानता. लोखंड लाल होतं, अंदाज येतो. अॅल्युमिनियम लाल होत नाही. ६६० अंशांना वितळतं आणि तोवर दिसायला तसंच्या तसं. गॅस कटर घेऊन बसाल तर आधी पुली गळून पडेल. आणि पाठीमागचा टब प्लास्टिकचा, तो १६० च्या आसपास वितळतोच, मऊ त्याआधीच पडतो.

संत्राबाग

म्हंजे ब्लो लॅम्प नाही चालत? माझ्याकडं हाय, पाइप जोडाचा.

वायंडिंगवाला

चालते, पण हात पाह्यजे. अन् भाऊंनं दोन दिवस डिझेल सोडेल हाय त्याच्यावर! पह्यले पूर्ण पुसून काढा, साबणानं धुवा, वाळू द्या. नाही तं मशीनीच्या जागी होळी.

परतवाड्याची सून

तुम्ही सगळे मोठमोठी अवजारं सांगून राहिले, मी स्वयंपाकघरातलं सांगते. चालेल का?

आमच्याकडे लग्नानंतर धुवून ठेवलेले गंज एकात एक अडकतात. (पुण्यामुंबईच्या लोकांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. तुमचा गंज म्हणजे आमचा जंग.) वरचा गंज स्टीलचा आणि खालचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, असला तर हमखास अडकतो. ओढून निघत नाही, ठोकला तर पोचतो. सासूबाई काय करतात, आतल्या गंजात माठातलं थंड पाणी भरतात आणि बाहेरचा गंज परातीतल्या उकळत्या पाण्यात ठेवतात. मिनिटभर. मग दोघींनी दोन बाजूंनी धरून थोडं फिरवत ओढायचं. फक्त गरम पाण्यात ठेवून होत नाही, दोन्ही गंज तापतात. आत थंड हवंच.

तुमचा बाहेरचा गंज म्हणजे पुली आणि आतला म्हणजे दांडा. पुलीवर उकळतं पाणी ओता, दांड्याच्या टोकाला बर्फ धरा. जाळ कशाला पाहिजे? उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, तुमचा टब वितळायची भीती नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

ताई, हे मला सुचलं नाही याची लाज वाटली. मी हीट गनचं लिहिणार होतो. खरं तर पहिला प्रयत्न हाच हवा. खर्च शून्य, आणि पाण्याने पुली १०० अंशांपलीकडे जाऊच शकत नाही. एकच गोष्ट, पाणी ओतताच ओढ द्यावी लागेल, म्हणजे पुलर आधीच ताणून ठेवलेला हवा. नुसतं तापवून मग पुलर शोधायला गेलात तर तोवर दांडाही तापेल.

पूर्णाकाठचा

वहिनी, आमच्या घरात हे वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मले विचारलं असतं तं मीच सांगितलं असतं." बायको पहिल्यांदा हसली.

पुलर आणायला उद्या जातो.

पूर्णाकाठचा

आजचा अहवाल. दर्यापुरात वायंडिंगच्या दुकानातून तीन पायांचा पुलर आणला. जिनफिटर काका म्हणाले तेच झालं. पायाचे आकडे पुली आणि टबाच्या फटीत जात नाहीत. ग्राइंडरने थोडे घासावे म्हटलं तर पुलर दुसऱ्याचा. एक पाय कसाबसा काठावर अडकवून ताण दिला, तो घसरून माझ्या अंगठ्यावर आला. नख काळं झालं आहे. काका, ते वेल्डिंगवालं सांगा.

जिनफिटर

अंगठ्याला हळद लावा आणि ऐका.

दहा मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या, वीतभर लांब. बरोबर मधोमध छिद्र पाडून त्यावर जाड नट वेल्ड करून घ्या, त्यातून लांब बोल्ट आटे फिरवत खाली येईल. हा झाला पुलरचा मधला स्क्रू. पट्टीच्या दोन टोकांना आणखी दोन छिद्रं पाडा, त्यातून दोन लांब बोल्ट पुलीच्या आऱ्यांमधून पलीकडे न्या. पलीकडे, म्हणजे पुली आणि टबाच्या मध्ये, पातळ पण कडक पट्टीचे दोन तुकडे सरकवा. मांडणी अशी हवी की ते तुकडे बुशाला मागून धरतील, आऱ्यांना नाही. पाच मिमीची पट्टी पुरते, आणि तेवढी फट असतेच. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आवळा. एक जास्त, एक कमी झाला की पुन्हा तिरपं ओढलं जाईल.

ताण दिला की मधल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीची एक सरळ टिचकी. ताण, टिचकी, थांबा. पुन्हा ताण. गडबड केलीत तर पट्टी वाकेल.

संत्राबाग

काका, पुली तशीही काठाला फुटेल हाय. मंग कापूनच काहून नाही टाकत? ग्राइंडरनं बुश दोन जागी कापा, छन्नी घाला, दोन फाका. अॅल्युमिनियम लोण्यासारखं कापते.

जिनफिटर

हे मात्र चुकीचं नाही. शेवटचा उपाय तोच. पण दोन गोष्टी. ग्राइंडरची पाती बुशातून पलीकडे दांड्याच्या दात्यांत गेली तर दांडा गेला, आणि दांडा ड्रमला जडवलेला असतो, सुटा मिळत नाही. आणि नवी पुली हातात येण्याआधी जुनी कापू नका. दिसायला सगळ्या सारख्या असतात, पण मधल्या भोकाचे दाते वेगळे, कुठे दाते, कुठे दोन बाजूंनी चपटं. अमरावतीच्या भंगारात सापडली म्हणून घरी आणली आणि बसली नाही, असं होतं.

टवका फक्त बाहेरच्या काठाचा उडाला असेल, पट्टा बसतो त्या खाचांच्या बाहेर, तर पुली वाचू शकते. निघाल्यावर तपासू. कशी ते तेव्हा सांगतो.

पूर्णाकाठचा

काठाचाच आहे. खाचा शाबूत आहेत.

वेल्डिंगवाल्याकडे आज वीज नव्हती. उद्या.

पूर्णाकाठचा

मंडळी, निघाली!

सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मेहनत घेतली. पट्टी बनली, मागचे दोन तुकडे बसवले, बोल्ट चार आटे आत, खाचेत सायकलचा छर्रा. टब दोन टायरांवर टेकवला, बाज डुगडुगत होती. पुलीच्या मागे टबावर जुना ओला गोणपाट, त्यावर पत्रा, मध्ये भोक पाडून. पहिल्या खेपेला नुसता ताण आणि टिचकी दिली, काही हललं नाही. पट्टीच किंचित वाकली.

मग वहिनींची रीत. चुलीवर मोठा गंज भरून पाणी उकळलं. आईने कपड्यात बर्फाचा खडा गुंडाळून आणला. फ्रीजमधला बर्फ नव्हता, रसवंतीवाल्याकडचा. मधल्या बोल्टच्या डोक्याजवळ, दांड्याच्या टोकाला तो धरायला पोराला बसवलं. ताण द्यायला मी, पाणी ओतायला बायको. तिने तांब्याने बुशाभोवती गोल गोल धार धरली, पाच-सहा तांबे. पहिल्या फेरीला काही नाही. ताण आणखी अर्धा फेरा. दुसऱ्या फेरीलाही नाही. बर्फ वितळून पोराची चड्डी ओली झाली, तो पळाला. आईने बर्फ धरला.

तिसऱ्या फेरीला तिसरा तांबा पडता पडता "टच्च" असा आवाज आला. आधी वाटलं वेल्डिंग तुटलं. बोल्टवर पाना लावला तर एकदम हलका फिरला, आणि पुली एक ज्वारीच्या दाण्याएवढी पुढे आली होती. पुढे नुसत्या पान्याने आली. शेवटचे दोन-तीन आटे तर हाताने.

आत काय निघालं ते सांगतो. बुशाच्या दात्यांत पांढरी भुकटी, खडूसारखी, काही ठिकाणी दाणेदार. बोटाने चोळली तर सुटत नव्हती, खिळ्याने खरवडली. आणि दांड्याच्या दात्यांवर तपकिरी जंग. पुण्यातले भाऊ म्हणाले तसं अगदी.

परतवाड्याची सून

वहिनींचं अभिनंदन सांगा. तांब्या त्यांच्या हातात होता.

वायंडिंगवाला

लय भारी! आता बेअरिंगचा नंबर वाचा अन् इकडं टाका.

पूर्णाकाठचा

एक ६२०५, एक ६२०६. दोन्हींच्या गोळ्या सुट्या झाल्या आहेत, आतल्याचा पिंजराच उरला नाही.

वायंडिंगवाला

६२०५ म्हंजे आतून २५, बाहेरून ५२. ६२०६ म्हंजे ३० अन् ६२. दोन्ही मोटरच्या दुकानात भेटतील, थ्रेशरलेही लागतात. मशीनचं म्हणून वेगळं मांगू नका, भाव वाढते. फक्त दोन्ही बाजूनं रबराचं झाकण असलेलं घ्या. पत्र्याच्या झाकणाचं नका घेऊ, पाणी शिरते. बसवाच्या आदल्या रात्री बेअरिंग फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, आवळून थोडं लहान होते, सहज बसते. ठोकाचं तं बाहेरच्या कड्यावर, जुन्या बेअरिंगचं कडं ठेवून त्याच्यावर.

जिनफिटर

आता माझं राहिलेलं. तीन तपासण्या करा, बेअरिंग घेण्याच्या आधी, नंतर नाही.

पुली धुवून वाळवा. डिझेलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, मग फडक्याने पूर्ण कोरडी पुसा आणि शाळेतला खडू टवक्याच्या आजूबाजूला आणि आऱ्यांच्या मुळाशी चोळा. पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. रेघ आली तर पुली टाका. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर आरा सुटला तर पत्रा फाडून बाहेर येईल. रेघ नाही आली तर टवक्याची धार कानसने मोडा आणि वापरा. नखाएवढ्या तुकड्याने तोल जात नाही, एका ओल्या चादरीचा तोल त्याहून कितीतरी जास्त असतो.

दुसरं, दांड्यावर सील जिथे घासतं तिथे एक पितळी बुश असतो. त्यावरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवीन सील घालून उपयोग नाही, पावसाळ्यापर्यंत पुन्हा हाच धागा वर येईल.

तिसरं आणि मुख्य. ड्रमच्या मागे तीन हातांचा कास्टिंगचा त्रिकोण आहे, त्याला स्पायडर म्हणतात. तोही अॅल्युमिनियमचाच, आणि तो तर रोज साबणाच्या पाण्यातच असतो. त्यावरचा साबणाचा चिखल काढून पेचकसने टोचून पाहा. खारपाण्याच्या भागात हा पोखरलेला निघतो. एखाद्या हाताला चीर असेल तर बेअरिंगचे पैसे वाचवा.

पूर्णाकाठचा

काका, करून पाहिलं. खडूवर रेघ नाही, पुली वाचली. पितळी बुश गुळगुळीत आहे, एक पुसट रेघ आहे पण नख अडकत नाही.

स्पायडर मात्र वाळवी लागल्यासारखा आहे. साबणाचा चिखल इतका की पेचकसने खरवडून अर्धं तसराळं निघालं. खाली धातूवर खड्डे, कुठे कुठे हरभऱ्याएवढे. चीर नाही. पेचकस टोचला तर आत जात नाही. हातोडीने टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो, फुटक्या मडक्यासारखा नाही. एक हात मात्र बाकीच्या दोघांपेक्षा जास्त खाल्ला गेला आहे, मुळाशी.

बेअरिंग घालू का थांबू?

पुण्यातला वऱ्हाडी

बेअरिंग आणि सील मिळून किती होतात?

पूर्णाकाठचा

बेअरिंग दर्यापुरातच, दोन मिळून सहाशेच्या आत. सील अमरावतीहून मागवावं लागेल, दोन-अडीचशे.

पुण्यातला वऱ्हाडी

मग घाला. आवाज खणखणीत असेल तर अजून बळ आहे. पण दोन अटी. पिळण्याचा वेग कमीत कमी ठेवा, आठशेच्या वर नाही. आणि चादरी, गोधड्या, सतरंज्या मशीनमध्ये टाकू नका. एकटा जड कपडा एका बाजूला गोळा झाला की सगळा हिसका त्या खाल्लेल्या हाताला बसतो. दर दोन-तीन महिन्यांनी ड्रम हाताने फिरवून पाहा, दाराच्या काठाशी डगमगत असेल तर त्या दिवशी मशीन बंद.

जिनफिटर

सहमत. आणि परत बसवताना दांड्याचे दाते तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या. पातळ म्हणजे पातळ, पुरणपोळीवरच्या तुपासारखा नाही. पाणी आणि अॅल्युमिनियम यांच्यात ग्रीस राहिलं की पुन्हा अशी पाचर बसणार नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका, तिथे थ्रेड लॉकचे (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचे) दोन थेंब टाका.

संत्राबाग

अन् पाणी गोडं द्या राजेहो. रोग तं पाण्याचा हाय.

पूर्णाकाठचा

गोडं पाणी असतं तर आधी संत्री लावली असती, मग कपडे धुतले असते. पण एक केलं आहे. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी टाकीत घेणार, निदान चार महिने तरी मशीनला ते. बाकी आठ महिने बोअर, पण शेवटचं खळबळणं नळाच्या बादलीने. पावडरच्या कप्प्यातून दोन बादल्या ओततो, मशीनला काही कळत नाही.

पूर्णाकाठचा

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. मशीन चालू आहे. सील यायला आठवडा लागला, बसवायला एक दुपार. पहिल्यांदा रिकामी फिरवली तेव्हा आवाजच येईना, मला वाटलं मोटरचा पट्टा चढवायचा राहिला. खाली वाकून पाहिलं, पुली फिरत होती. टवक्याचा भाग दर फेऱ्याला चमकून जातो.

पुलर परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, पट्टीचा तुम्ही बनवलेला इथेच ठेवून जा, आमच्या कामाचा आहे. ठेवून आलो.

सेमीवाली

वाचून धीर आला म्हणून विचारते. आमची दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक आहे, आर्वीकडे राहतो. धुण्याच्या मोटरची लहान पुली काढायची आहे, तीही जाम आहे. मधे बोल्ट दिसतच नाही. तिच्यावर पण गरम पाणी टाकू का?

वायंडिंगवाला

ताई, थांबा! तिथं पाणी नका टाकू, मोटर खालीच हाय. अन् कपॅसिटर पह्यले मोकळा करा, काकांनं वर सांगतलं थे. त्या पुलीले मधात बोल्ट राहत नाही, बाजूनं राहते. पुलीच्या गळ्यावर जंग खरवडून पाहा, एक नट दिसंल अन् त्याच्या पोटात बोल्ट. पह्यले नट ढिला करा, मंग बोल्ट. बहुतेक जाम नसंल, बोल्टच आवळेल असंल. नाही दिसला तं फोटो टाका.